फटीतली शिट्टी

कवळ्या बनवायला शिकायला कॉलेजची पोरगी आमच्याकडे आली आणि पहिल्याच दिवशी मी तिचं नाव टकळी ठेवलं. आमचा कारखाना म्हणजे दातांच्या दवाखान्यामागची एक खोली. मेणाचा वास, प्लास्टरची धूळ आणि कपाटभर लोकांचे जबडे. तिथल्या शांततेवर माझा जीव होता. ही बया जबड्यांशीसुद्धा गप्पा मारायची.

हात चांगला होता तिचा, खोटं कशाला बोलू? पण ऐकेल तर शपथ. महिनाअखेरीला 'ठेवते' किंवा 'परत पाठवते' एवढंच मला कॉलेजला कळवायचं होतं. परत पाठवली तर तिचं वर्ष बुडणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी माझं मन जवळजवळ ठरलं होतं.

अशात एका आजोबांच्या वरच्या कवळीचं काम आलं. सोबत त्यांचा जुना फोटो. हसताना समोरच्या दोन दातांत चांगली ठसठशीत फट. टकळीने मेणात दात लावले, तर फट गायब.

"फोटो पाहिलास ना?" मी विचारलं.

"पाहिला की. पण मॅडम, नवे दात घ्यायचे आणि वर फट कशाला? आजोबा खूश होतील."

दात देखणे दिसत होते. मी जाऊ दिले.

पक्की कवळी करण्याआधी मेणातली तोंडात बसवून बघतात. काही खटकलं तर मेण गरम करून दात सरकवता येतो. त्यासाठी आजोबा आले. आम्ही दोघी दारात उभ्या होतो. डॉक्टरांनी त्यांच्या हाती आरसा दिला. "छान आहेत हो," आजोबा म्हणाले, आणि ओठ मुडपून फुंकर घातली. फुस्स. पुन्हा फुस्स. मग त्यांनी आरसा पालथा ठेवला.

"बोचतंय का कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे, छे. चालेल."

डॉक्टर हात धुवायला वळले. मीही माघारी फिरले असते. टकळी कुठली फिरतेय!

"आजोबा, चालेल म्हणता आणि तोंड का पाडलंत?"

"काही नाही गं. त्या फटीतून माझी शिट्टी वाजायची. आमच्या कुत्र्याला आता दिसत नाही. शिट्टी ऐकून यायचा तो. दात काढल्यापासून नुसता भिंतींना धडकतो. वाटलं होतं, नवे दात आले की..."

टकळी सरळ खुर्चीपाशी गेली. मग ती म्हणाली, "आजोबा, तुमची फट मीच बुजवली. थांबा, देते परत."

तिने मेणाची सुरी तापवली. दात केसभर सरकवायचा, कवळी बसवायची, आजोबांनी फुंकायचं. फुस्स. पुन्हा काढायची. बाहेर पेशंट चुळबुळायला लागले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"राहू द्या आजोबांना खुर्चीत अजून थोडा वेळ," मी म्हणाले. हे मी म्हणाले, याचं मलाच नवल वाटलं.

आणि मग वाजली. बारीक, पण स्वच्छ. दवाखान्याच्या पायरीशी बांधलेलं त्यांचं म्हातारं कुत्रं ताडकन उठलं आणि दारावर पंजे मारायला लागलं.

पक्की करायला कवळी परत द्यायची वेळ आली, तर आजोबांनी तोंडावर हात ठेवला. "एकदाच अजून वाजवू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मी उंटावरून शेळ्या हाकल्या. कपाटातला एकही जबडा हसताना पाहिला नव्हता.

संध्याकाळी टकळी खाली मान घालून सुरी पुसत होती. एक शब्द नाही. मला हवी होती तशी शांतता होती आणि ती मला सोसवेना.

"ती फट नीट मोजून ठेव," मी म्हणाले. "पक्क्या कवळीत तेवढीच यायला हवी. आणि पुढच्या महिन्यापासून कवळी घेऊन खुर्चीपाशी तूच जायचंस."

तिने वर पाहिलं.

"अगं, बोल की काहीतरी!"