दोन पट्टे

समिधा मॅटवर पालथी पडली होती आणि विनता तिच्या डाव्या दंडावर पट्टा आवळत होती.

"कसा वाटून राहिला?"

"ठीक है दीदी. थोडा चुभतो."

पडून नेम धरताना रायफलचं वजन हातानं नव्हे, या पट्ट्यानं पेलायचं असतं. दिल्लीच्या दुकानदारानं दोन पट्टे पाठवले होते. एक ठेवून दुसरा परत करायचा होता. दंडावर होता तो काळा, नायलॉनचा, कडक. दुसरा तपकिरी चामड्याचा, हाताला मऊ लागणारा. समिधानं तोही लावून पाहिला आणि मान वळवून विचारलं, "कौन सा लूं?"

विनता त्रेचाळीस वर्षांची होती. जबलपूरच्या कांचघर भागात राहायची, संरक्षण खात्याच्या कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासायची आणि ड्यूटी सुटली की नेमबाजीच्या रेंजवर यायची. अशी पंधरा वर्षं झाली होती. राज्याच्या संघात चौघींना जागा असे आणि विनता बहुतेक वेळा पाचवी यायची. दोन वर्षांपूर्वी कॉलेजातली ही पोरगी आली. रायफल खांद्याला कशी लावायची, श्वास कुठं थांबवायचा, सगळं विनतानंच तिला शिकवलं. गेल्या महिन्यात समिधानं तिच्यापेक्षा पाच गुण जास्त मारले आणि सगळ्यांसमोर वाकून तिच्या पाया पडली. विनताला त्या पाच गुणांपेक्षा तो नमस्कार जास्त लागला होता.

राज्य संघाची निवड चाचणी मे महिन्यात होती. जबलपूरच्या मे महिन्यात जाड जाकिटाखाली घामाच्या धारा लागतात. त्या घामानं चामडं ताणतं, पट्टा सैल पडतो आणि गोळ्या खाली जाऊ लागतात. विनता स्वतः नायलॉनचाच वापरायची.

"चामड्याचा घे," ती म्हणाली. "हाताला लागणार नाही."

"पक्का?"

"मी काहून चुकीचं सांगीन तुला?"

समिधानं काळा पट्टा गुंडाळून परत पाठवायच्या डब्यात घातला.

चाचणीच्या दिवशी दोघी शेजारीशेजारी होत्या. साठ गोळ्या. पहिल्या तीस गोळ्यांत समिधा पुढं होती. मग विनताला शेजारून पट्ट्याचं बकल ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा आला. तिनं मान वळवली नाही. श्वास सोडला, थांबवला, चाप ओढला. इतकी स्थिर ती कितीतरी वर्षांत नव्हती.

यादी लागली. विनता चौथी, समिधा सातवी.

लोक अभिनंदन करत होते. समिधाही आली. तिच्या दंडावर घामाचा ओला पट्टा उमटला होता. "बधाई हो दीदी. मेरी ही पकड़ ढीली थी आज."

विनतानं नुसती मान हलवली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. पण ती म्हणाली, "पकड नाही. पट्टा ढिला पडला. चामडं घामानं ताणते. मला माहीत होतं."

समिधा जाकिटाची बटणं सोडत, खाली बघून, सावकाश मराठीत बोलली. तिला मराठी बोलायला वेळ लागायचा.

"मला पण माहीत होतं, दीदी. मी नेटवर वाचलं होतं. मग तुम्ही सांगितलं, तर मला वाटलं, नेटवरचे लोक चूक असतील."

"मी नाव मागं घेते," विनता म्हणाली. "संघटनेच्या सेक्रेटरीला सांगते."

"फायदा काय? मी सातवी आहे. जी पाचवी आली, ती जाईल." समिधानं रायफल पेटीत ठेवली आणि पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या. "तुम्ही जा. चांगलं खेळा."

विनता गेली. राष्ट्रीय स्पर्धेत साठ जणींत ती एकेचाळिसावी आली.

परतल्यावर सोमवारी ती रेंजवर आली. समिधा आधीच येऊन पार टोकाला, भिंतीलगत पडली होती. दोघींमध्ये सात मोकळ्या जागा होत्या. विनतानं आपली मॅट पसरली, पालथी पडली आणि डोळा रायफलवरच्या नेमाच्या छिद्राला लावला. टोकाकडून गोळ्यांचे आवाज येत होते, सारख्या अंतरानं, एकामागून एक. मोजायचं नाही असं ठरवूनही ती ते मोजत राहिली.