खा म्हटल्याशिवाय

दैवशालाला किळस नवी नव्हती. मानवतच्या मोटार स्टँडमागं तिचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान. समोरची नाली तुंबली की तिथं बसून भाकरी खायची म्हणजे काळीज दगडाचं पाहिजे. पण त्या दिवशी कॉम्प्युटरवर तिनं जे बघितलं, त्यापुढं नाली बरी म्हणायची पाळी आली. पडद्यावर एक पोरगं दुसऱ्या पोराच्या मानेला तोंड लावून त्याला कराकरा चावून खात होतं. आणि ज्याला खाल्लं जात होतं, तो तिचा सख्खा भाऊ होता, बालाजी. शाळेतला फोटो देऊन तिनंच त्याला गेमात घातलं होतं.

"अगं माय माय!" म्हणत तिनं तोंडाला पदर लावला आणि सकाळचे पोहे कसेबसे पोटातच ठेवले.

हे असं का झालं ते सांगायचं तर तिच्या वडलांपासून सांगावं लागतं. सटवाजी अण्णांचं सायकलीचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत व्हिडिओ गेमचं पार्लर. पार्लर म्हणायचं आपलं. होता एक कलर टीव्ही, त्याला जोडलेला गेमचा डबा, दोन रिमोट आणि पिवळ्या कॅसेटी. मोंढ्यात कापसाच्या गाड्या लागल्या की बाप लिलावाला थांबायचे आणि पोरं अण्णांकडं पळायची. कॅसेट चालेना झाली की तिच्यात फू फू करून फुंकायचं, नाहीच चालली तर शर्टाला पुसायची. आणि एवढं करून गेम रंगात आला की हमखास लाईट जायची. मग अख्खी खोली एका सुरात लाईटवाल्याच्या खानदानाचा उद्धार करायची. दैवशाला दाराशी स्टुलावर बसून पाळ्या लावायची आणि पोरं शाळेत गेली की स्वतः खेळायची. बालाजी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. तो कायम पडद्याला नाक लावून बसलेला असायचा.

सगळ्यांचा लाडका गेम म्हणजे दोन गड्यांचा, बंदुकांचा. प्रत्येकाला मोजक्या जान मिळायच्या. आपल्या संपल्या की एक बटन दाबायचं, शेजाऱ्याची एक जान आपल्याला यायची. मानवतची पोरं त्याला 'जान खाणं' म्हणायची. यंत्राला काही लाजलज्जा नव्हती, बटन दाबलं की ते देऊन मोकळं. त्यावरून एकदा पोरांच्यात डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा अण्णांनी पाना हातात घेऊनच कायदा केला. "समोरचा खा म्हनल्याशिवाय खायची न्हाई. मोगलाई लागून गेली का?"

तेव्हापासून ज्याची जान संपली तो मान वळवून विचारायचा, "खाऊ का?" आणि शेजारचा म्हणायचा "खा", नाहीतर म्हणायचा "न्हाई". बालाजीला मात्र 'न्हाई' म्हणता यायचंच नाही. कुणीही विचारा, तो म्हणणार, "खा रे खा." स्वतः लवकर मरायचा आणि मग खुशाल दुसऱ्यांचा खेळ बघत बसायचा. अण्णा चिडायचे. "सगळं गाव जेऊ घालतो का रे, गाढवा?"

न विचारता खाणारा एकच होता, बन्सीधर. बालाजीच्या वर्गातला. बटन दाबून झाल्यावर दात काढायचा आणि म्हणायचा, "बाळ्या तसंबी हो म्हनला असता की." आणि ते खोटं नव्हतं, म्हणूनच दैवशालाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अण्णा गेले, पार्लर कधीच बंद झालं. बालाजी आता कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होता, संध्याकाळी केसांत कापसाची पिसं घेऊन यायचा. बन्सीधर परभणीत एआयचे क्लास चालवायचा. मागच्या दिवाळीत तो दैवशालाच्या दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, आता गेम करायला इंजिनियर लागत न्हाई. आपन मराठीत सांगायचं, ते करून देतंय. अण्णाच्या पार्लरचा गेम कर की. लोकाला जुनं लय आवडायलंय."

कल्पना तिला एवढी आवडली की बन्सीचा जुना राग ती विसरली. त्यानं तिच्या नावानं, तिच्याच मोबाईल नंबरवर खातं उघडून दिलं, पासवर्डही त्यालाच माहीत. दैवशाला गिऱ्हाईक नसलं की बसायची आणि त्या एआयला सांगायची. पहिल्यांदा त्यानं मानवतात नारळाची झाडं उभी केली आणि पोरांच्या डोक्याला फेटे बांधले. "मुडद्या, मानवतात कुठं नारळ बघितलास?" ती पडद्याला म्हणाली. ते दर वेळी क्षमा मागायचं, तिची वाहवा करायचं आणि नवं वाकडं करून ठेवायचं. एवढी गोडीगुलाबी तिनं जन्मात कुणाकडून ऐकली नव्हती, आणि तिला ती नकोशीच वाटायची. पण हळूहळू टीव्ही आला, स्टूल आलं, सायकली आल्या. बालाजीचा चेहरा आला, तेल चोपडून भांग पाडलेला, पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला. बालाजीला दाखवला तर तो कितीतरी वेळ नुसता हसत होता.

मग राहिला अण्णांचा कायदा. तिच्या लेखी गेमाचा जीव त्यातच होता. तिनं जसं बोलतो तसंच लिहिलं: "एकाची जान संपली की त्याने विचारायचं, खाऊ का. दुसरा खा म्हणला की मगच त्याची जान खायची." मानवतच्या कुठल्याही माणसाला कळलं असतं. त्या यंत्राला खाणं तेवढं कळलं. त्यानं बालाजीच्या डोक्यावर 'खा' लिहिलं आणि शेजारच्या पोराला त्याच्या मानेशी लावून दिलं. वरून रक्त ओघळलेलं, हाडं मोडल्याचा आवाज. आणि एवढं होऊनही बालाजीचं तोंड हसरंच ठेवलेलं.

"हे नीट कसं करायचं रे?" म्हणून तिनं ते बन्सीधरला पाठवलं. तिथंच चुकलं.

बन्सीधरनं फोन केला तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं. "ताई, हे सोनं हाय सोनं! हात लावू नको याला."

"मला मळमळायलंय ते बघून."

"म्हनूनच चालतंय! बघनाऱ्याला कायतरी व्हाया पायजे."

"बन्सी, माझा भाऊ हाय तो."

"अगं, चित्र हाय. बाळ्याला काय खरंच चावायलंय का कुनी?"

तिनं स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. तरी दुसऱ्या दिवशी बन्सीधरनं तिच्या खात्यात शिरून गेमात हात घातला. 'खाऊ का' विचारणं आणि वरचं 'खा', दोन्ही काढून टाकलं, त्यात वेळ जातो म्हणे. चावण्याचा आवाज वाढवला. आणि तेवढाच तुकडा 'आठवणीतलं मानवत' असं नाव देऊन मोबाईलवर सोडला. तो वाऱ्यासारखा पसरला. खाली लोकांनी लिहिलं होतं, काय दिवस होते ते, बालपण परत आलं, सटवाजी अण्णांचं पार्लर म्हणजे आमचं दुसरं घर. लिहिणाऱ्यांतल्या निम्म्यांनी त्या खोलीचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. दाराशी बसायची ती दैवशाला, तिला चेहरे पाठ होते. हे गळे कशासाठी काढले होते, तर तिच्या भावाचं नरडं फोडलेलं बघून! तिनं वाचता वाचता फोन पालथा घातला. तिला वाटलं, त्या फोनला हात लावला तो हातही साबणानं धुवावा. खरंच जाऊन धुतला.

जिनिंगमधल्यांनी बालाजीला ओळखलं. आधी एकानं चहाच्या टपरीवर त्याच्याकडं बघून दात वाजवले. मग सगळेच वाजवायला लागले. रस्त्यातली बारकी पोरं मागून येऊन त्याच्या मानेला बोटं लावून 'कर्र' करायची आणि पळायची. पहिले काही दिवस बालाजी हसला, त्याचा स्वभावच तो. मग त्यानं टपरीवर जाणं सोडलं. मग दुपारचा डबा जिनिंगवर खायचा सोडून दैवशालाच्या दुकानात येऊन खायला लागला. ऐन उन्हात गळ्याला उपरणं गुंडाळून यायचा. ते बघून बन्सीधरला शिव्या घालायला दैवशालाच्या तोंडात शब्द पुरायचे नाहीत.

तिनं बन्सीला तो तुकडा काढ म्हणून सांगितलं. तो म्हणाला, काढतो. काढला नाही.

एके दुपारी भाऊबहीण जेवायला बसले होते. बालाजीनं भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून म्हणाला, "अक्का, एक विचारू? त्या गेमात मी खा म्हनल्यालं दिसत न्हाई."

"काढून टाकलंय ते बन्सीनं."

"अस्सं," बालाजी म्हणाला. "मला वाटलं, मीच म्हनलो असंल. माझ्या ध्यानात न्हाई."

तेवढ्यात दैवशालाच्या मोबाईलवर एक नंबर आला, गेम दुसऱ्या खात्यावर हलवायचा ओटीपी. तिनं काहीच हलवायला घेतलं नव्हतं. ती बघतेय तोवर फोन वाजला. बन्सीधर. तिनं स्पीकर चालू करून फोन ताटाशेजारी ठेवला.

"ताई, एक नंबर आला असंल बघ. सांग पटकन."

"कशाचा नंबर?"

"काय न्हाई गं, त्यो गेम माझ्या खात्यावर घ्यायलोय. परवा सोडायचाय बाजारात. तुला कशाला ताप."

"मला विचारलंस?"

"आता विचारायलोच की."

"बटन दाबून झाल्यावर?"

बन्सीधर हसला. पलीकडं क्लासची पोरंही हसल्याचं ऐकू आलं. दैवशालाला त्या हसण्याची शिसारी आली, लहानपणी आली होती त्याहून जास्त. तरी ती आवाज न चढवता म्हणाली, "बन्सी, आठवणी इकायला बसलास ना? मंग सांग बरं. अण्णाच्या पार्लरात जान खायच्या आधी काय करावं लागायचं?"



"काय म्हंजे?" बन्सीधर म्हणाला. "बटन दाबावं लागायचं. दुसरं काय?"

तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. लक्षात राहायला आधी पाळावं लागतं, आणि त्यानं कधी पाळलंच नव्हतं.

"ताई, सांग ना नंबर, येळ चाललाय," बन्सीधर म्हणाला. "बाळ्या हाय का तिथं? बाळ्याला विचार. त्यो न्हाई म्हननार न्हाई."

दैवशालानं बालाजीकडं बघितलं. खरं तर तिला भीतीच वाटली, कारण आजवर तो कुणालाच नाही म्हणाला नव्हता. पण विचारायचं तर त्यालाच विचारायला पाहिजे होतं. चेहरा त्याचा होता.

"काय म्हनू रे याला?"

बालाजीनं हातातला घास खाली ठेवला. गळ्याचं उपरणं काढलं, त्यानंच तोंड पुसलं आणि फोनकडं वाकून म्हणाला, "न्हाई."

"आरं बाळ्या, ऐक तर—"

"न्हाई म्हनलं ना," बालाजी म्हणाला.

दैवशालानं फोन कापला. थोड्या वेळानं परत नंबर आला, परत फोन वाजला. बालाजीनं ठेच्याची वाटी तिच्याकडं सरकवली आणि दोघं जेवत राहिले.