आवाराचा ढाळ

लखननं पहारीचं टोक भेगेत घालून जोर दिला. डांबराचा वाटीएवढा टवका उडाला. खालची खडी मात्र जागची हलली नाही.

“अक्का, पाया लोखंड हाय,” तो म्हणाला. “खराबी हाय ती फकस्त ह्या कडेला. खड्डे बुजवू, भेगा भरू. बाकीच्याला हात लावायची गरज न्हाई.”

“म्हंजे ठिगळं,” विमलबाई म्हणाल्या.

“ठिगळंच म्हना. पर लई टिकत्याल.”

विमलबाईंनी पलीकडे पाहिलं. चौसाळा गावाच्या अलीकडे, हमरस्त्यालगत, दोन खानावळी भिंतीला भिंत लावून उभ्या होत्या. वाटण्या होण्याआधी ती एकच खानावळ होती. आता उजवी बाजू विमलबाईंची, डावी धाकट्या जावेची, विजयमालाची. बोलणं तेव्हापासूनच बंद. गाड्या लावायचं पुढचं डांबरी आवारही मधोमध वाटलं गेलं होतं. दिवाळीनंतर विजयमालानं आपला भाग लखनकडून नव्यानं करून घेतला. काळाभोर, गुळगुळीत. त्या दिवसापासून गाड्या तिकडेच वळू लागल्या आणि विमलबाईंचे यजमान आश्रुबा गल्ल्यावर माशा मारत बसले. विमलबाईंच्या पोटात दुखायचं ते गिऱ्हाईक गेलं म्हणून थोडं, आणि त्या काळ्या डांबरापायी जास्त.

एकच गोष्ट मनासारखी होती. रोज सकाळी विजयमाला आवार धुवायची आणि सगळं पाणी उलटं तिच्याच पायरीशी येऊन साचायचं. मग खराटा घेऊन ती ते रस्त्याकडे लोटत बसायची. विमलबाई नेमक्या त्याच वेळी बाहेर खुर्ची टाकून चहा घेत. तो चहा फार गोड लागायचा.

“ठिगळं नगं,” त्या म्हणाल्या. “समदं उकर. मुळापासून नवं कर. आन तिच्यापरीस चार बोटं उंच.”

“मंग तुमचं पानी त्यांच्या दारात जाईल, अक्का. आत शिरंल.”

“शिरू दे.”

गल्ल्यावरून आश्रुबा खाकरले. यापलीकडे ते काही म्हणणार नाहीत, हे विमलबाईंना ठाऊक होतं.

लखनला काय, मोठं काम नको होतं थोडंच. ढाळ बघायला म्हणून त्यानं बादलीभर पाणी आणून दोन्ही आवारांच्या सांध्यावर ओतलं. पाणी क्षणभर थांबलं आणि नव्या डांबरावरून सरळ विजयमालाच्या पायरीकडे निघालं. ती दारातच होती. तिनं खराटा उचलला.

विमलबाईंना हसू आवरेना.

“एवढं नवं केलं, आन ढाळ चुकलाच की रे तुजा!”

लखनला ते लागलं. जवळ येऊन तो हळू आवाजात म्हणाला,

“चुकला न्हाई. पहिल्यापासून समदं पानी तुमच्या कडंला यायचं, म्हनून तर हितं खड्डे पडले. मी तसाच ढाळ ठिवनार हतो. वैनी म्हनल्या, अक्काचं आवार कावून नासवायचं? माझ्याकडं वळव.”

“कवा म्हनली?”

“काम चालू हतं तवाच. अक्काला सांगू नको म्हनल्या.”

विमलबाईंचं हसू ओठांवरच वाळलं. त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डांबराचा हेवा परवडला होता, चार बोटं उंच केलं की तो मिटला असता. ह्याच्यापेक्षा उंच आता कशानं व्हायचं? आपल्याला असं सुचलंच नसतं, हेही त्यांना पक्कं माहीत होतं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

पलीकडे खराट्याचा आवाज चालूच होता.

“खड्डे बुजव,” त्या म्हणाल्या. “भेगा भर. उकरायचं न्हाई.”

लखननं पहार खांद्यावर घेतली.

“आन ऐक. सांध्याला लागून नाली काढ, पार रस्त्याच्या गटारापर्यंत. दोघींचं पानी तिच्यातून जाऊ दे. नाली समदी माझ्या जाग्यात.”

“बरं. वैनींना काय सांगू?”

विमलबाईंनी पदर सारखा केला.

“सांग, अक्कानं काढायला लावली.” त्या खुर्चीकडे वळल्या आणि पुन्हा थांबल्या. “आन अक्का तुमाला सांगू नको म्हनल्या हत्या, असंबी सांग.”