ओढ्याकाठची फरसबी

आमच्या मेरू जिल्ह्यातल्या डोंगरात चहा पुरुषांचा आणि भाजीपाला बायकांचा. ओढ्याकाठचा तुकडा माझ्या शेजारणीचा, गाकीचा. पालेभाजी, रताळी घरात पुरायची. उरलेली ती बाजारात विकायची. त्या पैशांचा हिशेब तिला कुणी विचारत नसे.

मग विलायतेला फरसबी पाठवणारी कंपनी आली. गाकीने ओढ्याकाठी फरसबी लावली, भाव चांगला मिळाला. पुढच्या हंगामात तिचा नवरा किरिमी परस्पर कंपनीच्या माल घेणाऱ्या शेडवर जाऊन तिथल्या वहीत स्वतःचं नाव लावून आला. खुरपणी, पाणी, तोडणी गाकीकडेच राहिली. पैसे किरिमीच्या खात्यात, आणि पालेभाजी आता विकतची.

तिने वाटा मागितला तेव्हा मी कुंपणापाशीच होते.

"जमीन माझ्या बापाची," किरिमी म्हणाला.

"आणि कंबर कुणाच्या बापाची मोडतेय?" गाकी म्हणाली.

ऐन तोडणीत ती सकाळी टोपली घेऊन माझ्याकडे आली. मी विधवा, माझी फरसबी आणि खातं माझ्याच नावावर. "ताई, आजपासून तुझ्याकडे तोडायला येते. रोजंदारी देशील ना?"

"आणि तुमचं शेत?"

"ज्याचं आहे तो तोडेल."

किरिमीने तोडून पाहिलं. दुपारपर्यंत पाठ धरली. मजूर शोधायला गेला, तर बायका सगळ्या आपापल्या शेतात. फरसबी एक दिवस जास्त राहिली की जाड होते, आणि जाड शेंग कंपनी घेत नाही. शेडवरून तो पोती परत घेऊन आला.

गाकीने त्यातल्याच शेंगा मक्यात शिजवल्या. त्याने दोनदा वाढून घेतलं.

"उद्या येशील का शेतात?" त्याने खाली बघत विचारलं.

"ओढ्याकडची अर्धी बाजू माझी. शेडवर माझं नाव, पैसे माझ्या हातात."

"लोक हसतील, केंडीच्या आई."

"पोती परत आणताना हसलेच की."

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "अर्धी घे. पण नावाचं नंतर बघू."

नावाचं अजून व्हायचंय. गाकी दर आठवड्याला शेडवर जाऊन विचारते, आणि आता आम्ही चौघीजणी तिच्याबरोबर जातो. नाव लागेपर्यंत नाही, म्हणून आपल्या अर्ध्या बाजूला तिने यंदा फरसबी लावलीच नाही. तिथे पालेभाजी आहे, रताळी आहेत. काल तिने मला जुडी दिली. मी पैसे काढले, तर माझ्यावरच खेकसली.