आरशामागची चांदी

रेबेका साळवेला नगरहून बोलावलं होतं ते नुसतं नावाला. पाथर्डीच्या पुढच्या माळावरचा सौर वीज प्रकल्प गुंडाळायचं पुण्याच्या मुख्य कार्यालयात जवळजवळ ठरलंच होतं. पन्हाळीसारखे वाकवलेले लांबच लांब आरसे ऊन गोळा करून मधल्या नळीवर टाकत, नळीतलं तेल तापे, तेलाच्या आचेनं वाफ होई आणि वाफेवर वीज. पण हल्ली तेल म्हणावं तसं तापतच नव्हतं. आरशांमागची चांदी, म्हणजे ऊन परत फेकणारा पातळ थर, झिजून गेली, असंच सगळे धरून चालले होते. आरसे किती ऊन परत फेकतात ते रेबेकानं मोजायचं आणि अहवालाला जोडायचं, एवढंच काम.

प्रकल्पाचे व्यवस्थापक अंगद गर्जे पडलेल्या चेहऱ्यानं तिच्यासोबत फिरत होते. पहिला आरसा त्यांनीच बसवून घेतला होता.

रेबेकानं हातातलं मापनयंत्र आरशाला टेकवलं. यंत्र काचेवर प्रकाशाचा बारीक झोत टाकायचं आणि परतलेला उजेड एका छोट्या छिद्रातून पकडायचं. नवा आरसा त्र्याण्णव टक्के उजेड परत देतो. इथं अठ्ठ्याहत्तर आले.

"गेलेच म्हणायचे," गर्जे म्हणाले.

"आवो, रोज धुतो की आमी!" आरसे धुणाऱ्या बायकांच्या मुकादम भीमाबाई मागून म्हणाल्या. "बोरचं पानी मारून लख करतो."

रेबेकानं मान वर केली. "बोरचं?"

"मंग? हितं दुसरं कुटलं पानी हाय?"

यंत्रावरचं कडं फिरवून रेबेकानं छिद्र मोठं केलं आणि त्याच जागी पुन्हा टेकवलं. एक्याण्णव! तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. छिद्र लहान केलं, अठ्ठ्याहत्तर. मोठं केलं, एक्याण्णव.

"साहेब!" ती जवळजवळ ओरडलीच. "चांदी शाबूत आहे! आरसा ऊन परत फेकतोय, फक्त त्याचा नेम चुकतोय. काचेवर काहीतरी चढलंय, त्यानं उजेड आजूबाजूला विखुरतोय. मोठ्या छिद्रात तो सापडतो, पण नळीवर पडायचा तो भलतीकडंच जातोय."

"काय चढलंय?"

"क्षार. पाण्याचे. आंघोळीच्या बादलीला बसतात तसलेच. मावशी, डब्यात लिंबू आहे का?"

"हाय. चहात पिळायचंय व्हय?"

"आरशावर!"

गर्जे स्वतः धावत जनरेटरच्या खोलीतून बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा कॅन घेऊन आले. लिंबाचा रस त्या पाण्यात मिसळून रेबेकानं फडक्यानं काचेवर अलगद फिरवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, मग शुद्ध पाण्यानं काच धुऊन पुसून घेतली. बायका हातातली कामं टाकून भोवती जमल्या. तिनं छिद्र लहान केलं. यंत्र टेकवलं.

ब्याण्णव.

"आगं बया!" भीमाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "पान्यानंच घान केली व्हय आमी?"

"तुम्ही नाही हो मावशी. साध्या डोळ्यांना ते दिसायचंच नाही."

गर्जेंनी फोन काढला, परत खिशात टाकला. "एका आरशावर पुण्याचे लोक ऐकायचे नाहीत. पूर्ण रांग करू. आत्ताच!" पाथर्डीच्या किराणा दुकानातून लिंबूसत्त्वाची पाकिटं आली, गावातल्या आरओ केंद्रातून टेम्पोभर जार आले. पदर खोचून बायका कामाला लागल्या आणि रेबेका प्रत्येक आरशावर यंत्र टेकवत, आकडा मोठ्यानं ओरडून सांगत पुढं सरकत राहिली. "ब्याण्णव! एक्याण्णव! पुन्हा ब्याण्णव!"

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तशी सगळी मंडळी नियंत्रण खोलीत पडद्यासमोर दाटीवाटीनं उभी राहिली. सगळ्या रांगांच्या तेलाचं तापमान बरोबरीनं वर निघालं. मग एक रेघ वेगळी झाली. ती वर, आणखी वर गेली. बाकीच्या खालीच रेंगाळल्या.

"आपलीच रांग हाय ना ती?" भीमाबाईंनी विचारलं.

"आपलीच," गर्जे म्हणाले. त्यांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. "काहीही गुंडाळायचं नाही साहेब! आधी इथं या. आजच निघा!"

फोनवरचा माणूस काय म्हणाला ते कुणालाच ऐकू आलं नाही, कारण बायकांनी एकच गलका केला होता. रेबेका तोवर यंत्र उचलून बाहेर पडली होती. तिला दुसरी रांग सुरू करायची घाई झाली होती.