दोन साहेब, एक गाडी

“दुसरी गाडी कुठंय?” खैरनार साहेबांनी बॅग हातातच धरून विचारलं.

“एकच आहे सर. देवरे सरही पुण्याच्या मीटिंगलाच निघालेत,” गाड्यांचं बुकिंग बघणारी अंजली म्हणाली. “कंपनी आता प्रत्येक प्रवासाचा कार्बन मोजतेय. दोन गाड्या म्हणजे दुप्पट धूर.”

“उद्या एचआरशी बोलतो मी!” असं म्हणून साहेब मागे बसले. तिथे देवरे साहेब आधीच खिडकीला चिकटून बाहेर बघत होते. पुण्यात ट्रेनिंग असल्यामुळे अंजली पुढे बसली. तिचं प्रोबेशन संपत आलं होतं आणि पर्मनंट होण्यासाठी खैरनारांचीच सही लागणार होती. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय एवढं तिला कळलं. का, ते बिचारीला कळेना.

सिन्नरला चहा घेताना ड्रायव्हर गोरक्षनं तिला बाजूला घेऊन सांगितलं. “म्याडम, यांच्या पोरापोरीची सुपारी फुटली होती. मग खैरनार साहेबांची पोरगी लग्नाला नाय म्हनली. तवापासून दोघं एका टेबलावर जेवत नाय. समद्या कंपनीला ठाव हाय.”

समद्या कंपनीला ठाऊक. वणीहून नवीन आलेली अंजली मात्र धुराचे आकडे बघत बसली होती. तिला आता रडूच यायचं बाकी होतं.

चंदनापुरी घाटात ट्रक बंद पडला आणि गाड्या खोळंबल्या. ऊन चढलं. देवरे साहेबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले.

“शुगरची गोळी घेतलीस?” खैरनारांनी एकदम विचारलं.

“घेतली. खायचं राहिलं.”

“शहाणाच आहेस!” खैरनारांनी डब्यातला गूळ-शेंगदाण्याचा लाडू काढून त्यांच्या हातात कोंबला. “आधी हा खा.”

लाडू संपला, थरथर थांबली. देवरे हळूच म्हणाले, “वहिनींच्या हाताची चव तीच आहे रे. पोरगी कशी आहे?”

“बरी आहे. तुझ्यासमोर यायला अजून घाबरते.”

“तिचं काय चुकलं? नको होतं, नाही म्हणाली. मीच खुळ्यासारखा फुगून बसलो.”

खैरनारांनी डबा दोघांच्या मध्ये ठेवला. मग दोघं पुण्यापर्यंत बोलतच होते.

संध्याकाळी नाशकात उतरताना खैरनारांनी विचारलं, “किती कार्बन वाचला?”

“निम्मा, सर.”

“सगळाच वाचला असता. आजची मीटिंग फोनवरही झाली असती.”

अंजलीनं धीर करून विचारलं, “मग यापुढे सगळ्या फोनवरच लावू?”

“लाव. आणि तो तुझा सहीचा कागद उद्या घेऊन ये.” साहेबांनी देवरेंकडे पाहिलं. “फक्त महिन्याला ही एक पुण्याची फेरी राहू दे. आमच्या दोघांची.”