इमानाच्या म्होरं घागरी

"उघड म्हन्ते ना फाटक! सटव्या, कान फुटले का तुझे?"

ऊन आत्ता कुठं माळावर चढत होतं, पण खडक रात्रीसुद्धा थंड झाले नव्हते. लोखंडी फाटकाच्या अलीकडं काखेत घागर घेतलेली सरजाबाई उभी, पलीकडं सटवाजी. सटवाजी शेळदऱ्याचाच. विमानतळ बांधणाऱ्या गुत्तेदारानं त्याला निळा शर्ट, एक शिट्टी आणि एक काठी दिली होती, आणि तेवढ्यावर गड्याची मान ताठ झाली होती.

"काकी, आत जायला मनाई हाय. बोर्ड वाचा."

"मला वाचता येत असतं तर तुझ्या तोंडी लागले असते का? इहीर माझ्या सासऱ्यानं खांदली. तुझा गुत्तेदार तवा पाळन्यात बी नव्हता."

"कुनीबी खांदली असू द्या. आता ती इमानतळात हाय."

"मंग इमान पितंय का तिचं पानी?"

सटवाजीनं मागं-पुढं बघितलं आणि आवाज बारीक केला. "आग इझवायच्या गाडीत भरून राहिले ना."

"कुठं लागली आग?"

"लागली न्हाई. लागली तर."

"लागली तर!" सरजाबाई भुईवर थुंकली. थुंकायला तोंडात ओल नव्हती, पण थुंकली. "आन् आमच्या घशात लागलीय, ती दिसत न्हाई व्हय रे तुला?"

सटवाजीनं शिट्टी तोंडात धरली. फुंकली मात्र नाही. पाणी न घेता सरजाबाई परत फिरली.

शेळदरा म्हणजे लोह्याच्या पलीकडं, माळाच्या उतरणीला चिकटलेलं गाव. गावाच्या डोक्यावर ही धावपट्टी. मागं कधीतरी असाच कोरडा दुष्काळ पडला, तेव्हा रोजगार हमीवर लोकांनी ती केली. सरजाबाई तेव्हा तरणी होती. पदराखाली तान्हं लेकरू घेऊन तिनं त्या धावपट्टीची खडी फोडली होती. पुढल्या सालाला इमान येतंय, असं तेव्हा मुकादम सांगायचा. मुकादम मेला, त्याची पोरं म्हातारी व्हायला आली, पण इमान काही आलं नाही. धावपट्टीवर लोकांनी तुरी वाळवल्या, सोयाबीन मळलं, संध्याकाळी देवणी गाया तिच्यावर निवांत रवंथ करत बसल्या. गावाला त्या डांबराचा एवढाच उपयोग होता, आणि तो लई चांगला होता.

मग सरकारची योजना आली. लहान गावच्या माणसानं आभाळातून हिंडलं पाहिजे म्हणे. त्यासाठी तिकीट स्वस्त, उरलेला पैसा कंपनीला सरकार देणार. बसणाऱ्याचं अर्धं भाडं सरकार भरणार आणि जी खुर्ची रिकामी जाईल तिचंही सरकारच भरणार. शेळदऱ्याला यष्टी दिवसातून एकदा यायची. ती मोडली म्हणून आगारानं बंद केली, त्यालाही वर्ष होत आलं होतं. रिकाम्या खुर्चीसाठी पैसा होता. भरलेल्या यष्टीसाठी नव्हता.

इमान यायचं म्हणून माळाला भिंत आली. भिंत सरळ काढायची म्हणून विहीर आत गेली. विहीर होती खालच्या वाडीची, बौद्ध वस्तीची. गावच्या आडावर दोराला हात लावू देत नव्हते, त्या काळात सरजाबाईच्या सासऱ्यानं आणि त्याच्या भावांनी पहारी घेऊन गायरानातल्या खडकात ती खांदली होती. यंदा गावचा आड आटला, पाटलांच्या बोअरमधून धूळ निघाली, आणि वरच्या वाडीच्या बायासुद्धा मुकाट्यानं खालच्या वाडीच्या विहिरीवर यायला लागल्या. वरच्या वाडीच्या नागुबाईच्या मळ्यातल्या दोन्ही विहिरी कोरड्या पडल्या, तेव्हा पहिल्या दिवशी ती पदर पुढं ओढून लांबच उभी राहिली होती. सरजाबाईनं तिची घागर हिसकून भरून दिली होती. "उभी काय राहतीस मुक्यावानी? पानी काय ईटाळ इचारतंय का?" तेव्हापासून दोघींचं गूळपीठ जमलं होतं.

आणि आता दोघीही भिंतीच्या बाहेर.

चार दिवसांनी रामकिशनराव जीपगाडीतून गावात आले. तालुक्याचा जिल्हा व्हावा म्हणून जी कृती समिती होती तिचे ते अध्यक्ष. समितीची कृती म्हणजे दरसाल एक मोर्चा, एक निवेदन आणि चौकातला रामकिशनरावांचा मोठा फोटो. मारुतीच्या पारावर त्यांनी बायांना जमवलं.

"हे बघा, शनिवारी पहिलं विमान उतरणार. विमान आलं की जिल्हा झालाच समजा. मोठे पाहुणे येणार, टीव्हीवाले येणार. तुम्ही बायांनी डोक्यावर कलश घेऊन स्वागताला उभं राहायचं. प्रत्येकीला लुगडं मिळेल."

"कलशात पानी लागतंय की ओ," नागुबाई म्हणाली. "ते कुठून आनावं?"

"अगं, पाण्याचं काय घेऊन बसलीस! वर पानं खोचा, नारळ ठेवा. आत काय हाय, कोण बघतंय?"

"खरं हाय," मागून सरजाबाई बोलली. "तुमच्या समितीवानी."

बाया पदरात तोंड घालून हसल्या. रामकिशनरावही हसले. पुढाऱ्याला हसावंच लागतं. "सरजाबाई, तू पण यायचं बरं का."

"मी रांडमुंड बाई. त्यात आमच्या घरात कलश पुजत न्हाईत. मी चालते का?"

"चालती, चालती! विमानाच्या कामात कसला आलाय भेदभाव?"

याच माणसाच्या बापानं आडावर काठी घेऊन राखण केली होती. सरजाबाईला ते लख्ख आठवत होतं. त्यांच्या कडक इस्त्रीच्या कपड्यांकडं बघत ती म्हणाली, "येते. लुगडं नको, माझंच नेसून येते."

घरी आल्यावर सून उसळली. शिवकन्या बारावी शिकलेली, तोंडाची तिखट. "आत्या, तुमी जानार? त्या मानसाच्या म्होरं डोक्यावर तांब्या घेऊन नाचनार?"

"नाचायला कोन चाललंय? शनवारी फाटक उघडनार. ढोल वाजवून, आपल्याला मानानं आत घेनार. आन् आत काय हाय?"

शिवकन्या हळूच हसली. "इहीर."

"सांग जा समद्यांना. कलश न्हाई, घागरी घ्यायच्या. मोठ्या."

शनिवारी माळ असा तापला होता की चपलेचं रबर भुईला चिकटावं. पाहुण्यांसाठी मांडव, मांडवात कूलर, कूलरपुढं बाटलीबंद पाण्याची खोकी. बाया उन्हात. सटवाजीनं नवी टोपी घातली होती. बायांच्या डोक्यावरच्या थोराड घागरी बघून तो चपापला, पण वर नारळ होते, पानं होती. काय बोलावं ते त्याला सुचेना. त्यानं फाटक सताड उघडलं.

इमानाला उशीर झाला. भाषणवाल्यांनी माईक फुंकून फुंकून बेजार केलं. सरजाबाईनं नागुबाईला कोपरानं ढोसलं आणि दोघी मांडवाच्या मागून विहिरीकडं सरकल्या.

सरजाबाईनं विहिरीत बघितलं. तळाला नुसता चिखल. मोटारीचा पाइप मेलेल्या सापासारखा कपारीवर लोंबत होता. भिंत येईपर्यंत पुरुषभर पाणी असलेली विहीर कुणीतरी खरवडून न्यावी तशी झाली होती.

जवळच आग विझवायच्या दोन लाल गाड्या उभ्या होत्या. एकीचा डायव्हर चाकाला टेकून बिडी ओढत होता.

"बाबा, पानी कुठं गेलं रे?"

"तालमीत गेलं मावशी. दोन दिस तालीम चालली."

"कशाची?"

"पान्याच्या कमानीची. पयल्या इमानाला सलामी द्यायची असती. दोनी बाजूंनी फवारा मारायचा, मधून इमान जातंय." त्यानं बिडी विझवली. सांगताना त्यालाच लाज वाटली असावी. "मी बिलोलीकडला. आमच्याकडं बी हीच गत हाय."

नागुबाई विहिरीच्या काठावर मटकन बसली. "बया गं," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात आभाळात घरघर झाली. लोक माना वर करून ओरडायला लागले. इमान उतरलं, धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळलं आणि सावकाश मांडवाकडं यायला लागलं.

"एवढुसंच?" कुणीतरी म्हणालं. "आपल्या यष्टीत याच्यापरीस जास्त मानसं बसतेत."

दोन्ही गाड्यांनी पाणी सोडलं. पांढरे लोट आभाळात चढले आणि एकमेकांत मिसळले. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. पाणी तापल्या डांबरावर पडत होतं आणि पडता पडता त्याची वाफ होत होती. कडेची माती भिजली आणि तिचा वास सुटला. त्या वासानं बायांच्या रांगेत कालवा थांबला. कुणी टाळी वाजवली नाही. एकीनं ओठावर उडालेला थेंब जिभेनं टिपला. शिवकन्येच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं तिला भान नव्हतं.

मग रिबीन कापली, फोटो झाले, हार झाले. मोठे पाहुणे परतीच्या फेरीनं जाणार होते, आणि तालुक्याचा पहिला प्रवासी म्हणून रामकिशनराव त्यांच्यासंगं. गळ्यातले हार तसेच ठेवून, चार पावलांवर चार वेळा हात हलवत ते शिडी चढले. दार लागलं.

सरजाबाईनं घागरीवरचा नारळ काढून भुईवर ठेवला. "चला गं," ती म्हणाली.

बायांची रांग लाल गाड्यांपाशी आली. "खोल तोटी," सरजाबाई डायव्हरला म्हणाली.

"मावशी, नोकरी जाईल माझी. गाडीत पानी नसलं तर इमान उडत न्हाई. कायदा हाय."

"उडत न्हाई?"

"न्हाई."

"मंग तर खोलच."

डायव्हरनं तिच्याकडं बघितलं, रांगेकडं बघितलं. मग दुसऱ्या गाडीच्या डायव्हरला हाक मारली, "चल रे, च्या पिऊन येऊ." जाता जाता म्हणाला, "तोटी डाव्या अंगाला हाय. मी काई बघितलं न्हाई."

पाणी गंजाचा वास मारत होतं, पण विहिरीचंच होतं. घागरी भरल्या, कळश्या भरल्या. भरलेली एकेक घागर सरजाबाईनं इमानाच्या तोंडाम्होरं नेऊन ठेवायला लावली. टँकरला लावतात तशी डांबरावर रांग लागली आणि रांगेला टेकून बाया बसल्या.

साहेब लोक पळत आले, पोलीस आले. "उचला! उचला हे सगळं!"

"तुमीच उचला," सरजाबाई म्हणाली. "पर सांडू नका. सांडलं तर भरून द्यावं लागंल."

"बाई, आत कोण बसलंय माहीत आहे का तुम्हाला?"

"हाव. रामकिसनराव बसलेत. बसू द्या. आमी दोन म्हयने टँकरची वाट बघत बसलोय, त्ये घटकाभर बसतील."

इमानाचे पंखे थांबले होते. आत गारवा बंद पडला होता. बारक्या खिडकीतून रामकिशनरावांचं तोंड दिसत होतं, घामानं निथळलेलं, गळ्यात झेंडूचे हार कोमेजत चाललेले. साहेबाच्या कानाला लागलेल्या फोनमध्ये इमानाच्या आतून कुणीतरी ओरडत होतं, ते बायांनासुद्धा ऐकू येत होतं.

आणि मग जे झालं ते गावानं डोळ्यांनी बघितलं. अर्जावर अर्ज करून जो टँकर येत नव्हता, रस्ता खराब, डिझेल नाही, आधी कुणाचा नंबर अशी कारणं सांगत होता, तो आला. एक नाही, दोन आले. धुरळा उडवत, हॉर्न वाजवत.

साहेब हातवारे करत धावले. "इकडं! गाडीत ओता आधी!"

"आधी गावच्या हौदात," सरजाबाई उठलीसुद्धा नाही. "एक हौदात, एक इमानाला. मंग घागरी उचलते."

साहेबानं खिडकीकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, आणि हात जोडले. खरोखरीच जोडले. पहिला टँकर खाली गावाकडं वळला तेव्हा नागुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "सरजा, आपुन मानसं म्हनून अर्ज केले ना, तितंच चुकलो बघ."

त्या दिवशी शेळदरा पोटभर पाणी प्यालं. गुरंसुद्धा प्याली. आणि दोन दिवसांनी पोलीस पाटील कागद घेऊन आला. बायांवर सरकारी कामात अडथळा आणल्याची केस झाली होती.

इमान त्यानंतर दिवाळीपर्यंत उडालं. पायलट, एक-दोन माणसं आणि बाकी खुर्च्या. सरकार खुर्च्यांना आभाळ दाखवून आणत होतं. मग एका सोमवारी ते आलंच नाही. कंपनी म्हणाली परवडत नाही, सरकार म्हणालं कंपनीला विचारा. जिल्हाही झाला नाही. सटवाजीचा पगार थांबला, तसा त्यानं शर्ट काढून ठेवला, फाटकाचं कुलूप दगडानं फोडलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच बायकोची घागर घेऊन विहिरीवर आला. सरजाबाईनं त्याला रांगेत शेवटी उभं केलं.

सगळं बंद पडलं, केस मात्र चालू राहिली. बाया भाकरी बांधून तालुक्याच्या कोर्टात जायच्या, कुणाच्या टेम्पोत नाहीतर पायी. वकील नाही, साक्षीदार नाही, तर कधी साहेबच नाही. शेवटी एकदाचं सरजाबाईचं नाव पुकारलं. ती पिंजऱ्यात उभी राहिली, पदर सावरला, "जयभीम साहेब" म्हणाली.

"तुम्ही विमान अडवलं, हे कबूल आहे का?"

"हाव साहेब, कबूल हाय. घटकाभर अडवलं."

कोर्ट लिहून घेत होतं. सरजाबाई थांबली. मग तिनं तितक्याच सरळपणानं विचारलं, "पर साहेब, आता त्ये कायमचं बंद पाडलं, त्येच्यासाठी कुनावर केस हाय?"

लिहिणाऱ्याचा हात थांबला. मागं बाकावर नागुबाईला खोकला आला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि पुढची तारीख दिली.